मे महिन्यातली भातलावणी

आमच्या बोर्ली पंचतनला गेल्या मे महिन्यात मी भातलावणी पाहिली. हो, मेमध्ये! एका शिबिरवाल्यांनी पंपाने पाणी सोडून खाचरात चिखल केला होता. मुंबई-पुण्याची मुलं त्यात उतरली, फोटो निघाले आणि अर्ध्या तासात 'शेती' संपली.

मेमध्ये इथे काय चालतं? बांध दुरुस्त करायचे, पावसाळ्याची लाकडं भरायची, नारळी-पोफळींना शिंपण करायचं. कंटाळवाणं आहे, पण शेती तीच आहे. लावणी जुलैत, भर पावसात, कंबर मोडेपर्यंत. तेव्हा शाळा चालू असतात, म्हणून ऋतूच उचलून सुट्टीत आणायचा?

मी सॉफ्टवेअरवाला. डेमो म्हणजे काय ते मला चांगलं कळतं. डेमोत काहीच पडत नाही. वाडी पडते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यातल्या पोफळी काही तासांत आडव्या केल्या. नवी पोफळ लागती व्हायला पाच-सात वर्षं जातात. मुलांना त्या वाडीत न्या ना! तिथलं शिंपण करू द्या. दहा वर्षांच्या पोराला नुकसान कळतं. आपल्यालाच ते दाखवायची लाज वाटते.

आणि शिकवायला शहरातला 'फॅसिलिटेटर' कशाला? गावातल्या आज्यांना बोलवा, रीतसर मानधन द्या. त्या दिवशी त्या कुंपणाबाहेर उभ्या राहून हसत होत्या.

रोपांचं काय झालं विचाराल तर, संध्याकाळीच उपटून ठेवली. सकाळी दुसरी बॅच येणार होती.