क्लच का जळतो? हाफ क्लचची सवय आणि आपली शिकवण्याची पद्धत



हल्ली आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या दारात चारचाकी आली आहे. बहुतेकांची गिअरची, आणि हप्त्यावर घेतलेली. गाडी घेताना आपण मायलेज विचारतो, डिकी केवढी ते बघतो. क्लच किती टिकेल हे मात्र कोणी विचारत नाही. आणि विचारलं तरी शोरूमवाला काय सांगणार? ते गाडीपेक्षा चालवणाऱ्याच्या डाव्या पायावर जास्त अवलंबून असतं. एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची गाडी. एकाचा क्लच ४० हजार किलोमीटरच्या आत जातो, दुसऱ्याचा लाखाच्या पुढे चालतो. प्लेट बदलायची तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, त्यामुळे नुसती मजुरीच जड जाते.

माझं स्पष्ट मत असं आहे की क्लच गाडी बंद पडण्याच्या भीतीने जळतो. आणि ही भीती शिकवणारेच निर्माण करतात.

हे पटण्यासाठी आधी एक छोटी कृती करा. वर्गातही करून घेता येईल. दोन्ही तळवे एकमेकांवर घट्ट दाबून धरा, पण हलवू नका. हात तापले का? नाही. आता तसेच दाबून जोरात घासा. काही सेकंदांत चटका बसतो. क्लचमध्ये नेमकं हेच घडतं. इंजिनाकडे असतं फिरणारं जाड चाक, म्हणजे फ्लायव्हील. गिअरबॉक्सच्या बाजूला असते क्लच प्लेट. तुम्ही पेडल पूर्ण सोडलं की स्प्रिंगच्या जोराने प्लेट चाकाला घट्ट चिकटते आणि दोन्ही एकत्र फिरतात. घासणं नाही, म्हणून झीज नाही. पेडल पूर्ण दाबलं की दोन्ही वेगळे होतात, तेव्हाही घासणं नाही. झीज होते ती फक्त मधल्या अवस्थेत. तिलाच आपण ‘हाफ क्लच’ म्हणतो.

म्हणजे क्लच किलोमीटरने झिजत नाही, तो हाफ क्लचमध्ये घालवलेल्या सेकंदांनी झिजतो. एवढं एक वाक्य कळलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

आता शिकवण्याकडे या. मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये पहिल्या दिवशी काय सांगतात? ‘हाफ क्लचवर ठेवा, रेस द्या, बंद नाही पडली पाहिजे.’ बिचारा शिकणारा घाबरतो. मागचा हॉर्न वाजवतो, शेजारी बसलेले ओरडतात. मग तो रेस वाढवून, अर्धा क्लच धरून गाडी ओढत राहतो. गाडी बंद पडत नाही, पण प्लेट तापते. खरं तर सपाट, मोकळ्या मैदानात शिकताना गाडी चार वेळा बंद पडली म्हणून क्लचचं फारसं बिघडत नाही. बंद पडू नये म्हणून जे करतो, त्याने बिघडतं. चूक होऊ नये म्हणून वहीतलं उत्तर उतरवून काढणारा मुलगा आपण रोज बघतो. हे त्याच जातीचं आहे.

सवयी कोणत्या लावायच्या?

१. पाय पेडलवर ठेवून चालवू नका. नुसता टेकवलेला पायसुद्धा पकड सैल करू शकतो, आणि रिलीज बेअरिंग विनाकारण घासत राहतं. गिअर बदलला की पाय बाजूला जमिनीवर.

२. सिग्नलला न्यूट्रल करा. पहिला गिअर टाकून क्लच दाबून मिनिटभर उभं राहू नका. यात प्लेट नाही, पण बेअरिंग आणि तुमचा गुडघा झिजतो.

३. चढावर गाडी क्लचवर तोलून धरू नका. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, क्लच हळू सोडा. गाडी पुढे ओढ घेतेय असं जाणवलं की थोडी रेस देऊन हँडब्रेक सोडा. कसारा किंवा खंबाटकी घाटात गाड्या अडकल्या की जो जळका वास येतो, तो बहुतेक वेळा क्लच आणि ब्रेकचाच असतो.

४. दुसऱ्या गिअरवर गाडी उचलू नका. नववीच्या ‘कार्य आणि ऊर्जा’ पाठातलं सूत्र आठवा. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जागेवरून निघताना गाडीला जेवढी गतिज ऊर्जा मिळते, साधारण तेवढीच उष्णता क्लचमध्ये तयार होते. इंजिनाचे फेरे तेवढेच ठेवले तर दुसऱ्या गिअरमध्ये क्लच पूर्ण जुळतो तेव्हा वेग जवळपास दुप्पट असतो. म्हणजे उष्णता तिप्पट-चौपट!

५. ट्रॅफिकमध्ये इंचाइंचाने सरकू नका. पुढे थोडी जागा होऊ द्या, मग पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडा. सपाट रस्त्यावर बहुतेक गाड्या रेस न देताही ताशी ५ ते ८ किलोमीटरने आपोआप चालतात.

६. उतारावर क्लच दाबून गाडी सोडू नका. इथे प्रश्न जिवाचा आहे. इंजिनाची रोखून धरण्याची ताकद तुटते, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापून कमजोर पडतात. ज्या गिअरने घाट चढलात त्याच गिअरने उतरा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम विसरू नका.

काही जण म्हणतील, ‘अहो, क्लच झिजण्यासाठीच असतो. आणि शहरात हाफ क्लचशिवाय गाडी चालते का?’ बरोबर आहे. गाडी उचलताना आणि रिव्हर्स घेताना तो लागणारच. माझा विरोध हाफ क्लचला नाही, त्यावर मुक्काम करण्याला आहे. आणि ‘आमची एएमटी आहे, आम्हाला काय?’ असंही समजू नका. तिच्यातही क्लच प्लेट असतेच. चढावर ब्रेक न लावता रेसवर गाडी धरली की तीही तशीच तापते.

क्लच संपत आल्याची खूणही मुलांना दाखवा. वरच्या गिअरमध्ये रेस दिल्यावर इंजिनाचा आवाज चढतो, काटा वर जातो, पण गाडी पिकअप घेत नाही. म्हणजे प्लेट घसरते आहे. तेव्हा सहलीचा बेत पुढे ढकला आणि आधी गॅरेज गाठा. घाटात, मुलंबाळं गाडीत असताना ती थांबण्यापेक्षा ते परवडलं.

शेवटी दोन विनंत्या. शिक्षकांनी घर्षणाचा पाठ शिकवताना ब्रेक आणि बुटाच्या तळव्याबरोबर क्लचचंही उदाहरण घ्यावं. तळवे घासण्याच्या कृतीला एक पैसाही लागत नाही. आणि पालकांनी, अठरा पूर्ण झालेल्या मुलाला किंवा मुलीला गाडी शिकवताना पहिल्या दिवशी एवढंच सांगावं, ‘बंद पडली तर पडू दे. पुन्हा चालू कर.’ मागच्याचा हॉर्न थोडा वाजू द्या. त्याने प्लेट झिजत नाही.