शहरात हरवलेली ग्रामसभा

मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील काशीमिरा परिसरात टोलेजंग इमारतींच्या मागे, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पायथ्याशी आदिवासींचे पाडे आजही तग धरून आहेत. मीरा-भाईंदर १९८५ साली नगरपालिका आणि २००२ साली महानगरपालिका झाली. गावांचे शहर झाले, तशी ग्रामपंचायत गेली आणि ग्रामसभाही गेली. जमीन-जंगलाविषयी एकत्र बसून ठराव करण्याचे पाड्यांचे कायदेशीर व्यासपीठच त्यामुळे नाहीसे झाले.

आदिवासी स्वशासनाचा १९९६ चा ‘पेसा’ कायदा ग्रामसभेला गौण वनोपजाची मालकी देतो, भूसंपादनापूर्वी सल्लामसलत बंधनकारक करतो. मात्र तो केवळ अनुसूचित क्षेत्राला लागू आहे. तलासरी, डहाणू, जव्हार, मोखाडा हे तालुके त्यात येतात. ठाणे तालुका येत नाही. म्हणजे तालुक्याची सीमा ओलांडताच वारली तोच राहतो, त्याचा हक्क मात्र बदलतो. २००६ चा वनहक्क कायदा अनुसूचित क्षेत्राबाहेरही लागू होतो. पण दाव्याची सुरुवात ग्रामसभेनेच करायची असल्याने महापालिका हद्दीत ग्रामसभा कोणती मानायची, हा पेच उरतोच.

अमेरिकेतील नवाहो जमातीचा अनुभव या संदर्भात उद्बोधक आहे. त्यांची आदिवासी परिषद १९२३ साली सरकारी देखरेखीखाली स्थापन झाली, ती प्रामुख्याने तेल कंपन्यांच्या भाडेपट्ट्यांवर सही करणारा कोणी हवा म्हणून! सत्तरच्या दशकात पीटर मॅकडोनाल्ड यांच्यासारख्या नेत्याने कोळसा आणि तेलाला योग्य मोल मिळावे यासाठी आवाज उठवला. १९७५ च्या कायद्याने शिक्षण-आरोग्यासारख्या सेवा स्वतः चालविण्याची वाट जमातींना खुली झाली. परंतु सत्ता एका व्यक्तीभोवती एकवटली. १९८९ मध्ये परिषदेने मॅकडोनाल्ड यांना पदावरून दूर केले, हिंसाचार झाला आणि पुढे त्यांना तुरुंगवासही भोगावा लागला. त्याच वर्षी नवाहोंनी परिषद व कार्यकारी सत्ता वेगळी केली. १९९८ मध्ये ‘चॅप्टर’ या स्थानिक सभांकडे अधिकार सोपविण्याचा कायदा झाला. स्वयंनिर्णय नेत्याच्या हाती नव्हे, सभेच्या हाती सुरक्षित राहतो, हा त्याचा बोध.

गडचिरोलीतील मेंढा-लेखाने तो आधीच ओळखला होता. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर या गावाला सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. देवाजी तोफा यांचे नाव सर्वदूर गेले, पण निर्णय घेते ती सर्वसहमतीने चालणारी ग्रामसभा.

काशीमिऱ्याच्या पाड्यांना ही संधीच नाही. प्रभागाच्या मतदारयादीत त्यांची संख्या नगण्य ठरते आणि नगरसेवक कितीही सहृदय असला तरी तो सभेची जागा घेऊ शकत नाही. महापालिका हद्दीतील पाड्याच्या सभेला वनहक्कापुरती स्पष्ट मान्यता देणे, एवढे तरी शासनाने करायला हवे. शहर वाढते तेव्हा हक्क आक्रसावेत, हा नियम कोणत्याच कायद्यात लिहिलेला नाही. व्यवहारात मात्र तो निमूटपणे पाळला जातो.