पाहिलेले आणि ऐकलेले

आषाढात पश्चिमेच्या डोंगरांवर पावसाने जोर धरला, की कोल्हापूर शहरात एकच प्रश्न सकाळ-संध्याकाळ ऐकू येतो : "पाणी किती फुटांवर आहे?" भाजीमंडईत हा प्रश्न विचारला जातो, तालमीच्या कट्ट्यावर विचारला जातो आणि शाळेच्या व्हरांड्यातही विचारला जातो. कोणत्या नदीचे पाणी, हे कोणाला सांगावे लागत नाही. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या नद्यांचे पाणी घेऊन पंचगंगा शहराच्या कडेने वाहते. राजाराम बंधाऱ्यापाशी तिची पातळी मोजतात. पाणी ३९ फुटांवर आले म्हणजे इशारा आणि ४३ फुटांवर आले म्हणजे धोका, हे तेथील लहान मुलांनाही तोंडपाठ असते. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये ही पातळी ५५ फुटांच्याही वर गेली होती. दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला, वाहने अडकून पडली आणि आंबेवाडी, चिखली यांसारख्या गावांतील हजारो माणसांना घरेदारे सोडावी लागली.

अशा दिवसांत बातमी ही केवळ कुतूहलाची गोष्ट राहत नाही. अन्न व औषध यांच्याइतकीच ती आवश्यक होते. गुरे केव्हा सोडावीत, धान्य माळ्यावर केव्हा चढवावे, म्हाताऱ्या माणसांना केव्हा हलवावे, हे सारे बातमीवर ठरते. म्हणूनच ती बातमी खरी असली पाहिजे.

पूर्वी गावात दवंडी पिटली जात असे. दवंडी पिटणारा मनुष्य सर्वांच्या ओळखीचा असे. त्याला कोणी पाठविले हेही लोकांना ठाऊक असे. दवंडी खोटी ठरली, तर जाब कोणाला विचारावयाचा याविषयी कोणाच्या मनात शंका नसे. थोडक्यात, त्या बातमीला धनी होता.

आज दवंडीचे काम प्रत्येकाच्या खिशातील मोबाइल करतो. या यंत्राला नावे ठेवण्याचे कारण नाही. पुरात वेढलेल्या घराच्या गच्चीवरून बोटीसाठी हाक देता येते ती याच यंत्रामुळे. परगावी असलेल्या मुलाला "आम्ही सुखरूप आहोत" एवढे दोन शब्द कळतात, तेही याच्यामुळेच. मात्र दवंडीत आणि या यंत्रात एक मोठा फरक आहे. मोबाइलवर हिंडणाऱ्या पुष्कळशा बातम्यांना धनीच नसतो. ती कोणी प्रथम सांगितली, कोठून सांगितली, केव्हा सांगितली, यांपैकी काहीच कळत नाही. एवढेच कळते, की ती एकाने दुसऱ्याला पाठविली आणि दुसऱ्याने तिसऱ्याला.

एक उदाहरण घेऊ. समजा, मुसळधार पावसाच्या रात्री एका घरी निरोप आला : "राधानगरीचे सातही दरवाजे उघडले. ताबडतोब घरे सोडा." वाचणाऱ्याच्या छातीत धस्स होते. आता या निरोपात खोटे काय आहे? राधानगरी धरण खरे आहे. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, हेही खरे आहे. तलाव भरला, की पाण्याच्या भाराने त्यांतील एकेक दरवाजा आपोआप उघडतो आणि पाणी उतरले, की आपोआप मिटतो. एका दरवाजातून एका सेकंदाला सुमारे १,४२८ घनफूट पाणी बाहेर पडते. ते पाणी भोगावतीतून कोल्हापुरास पोहोचावयाला कित्येक तास लागतात. सातही दरवाजे उघडल्याची वेळ पूर्वी आलेली आहे. म्हणजे निरोपातील शब्द एखाद्या दिवशी अगदी खरेही असतील. पण तो दिवस कोणता? निरोपावर तारीख नाही, वेळ नाही, सांगणाऱ्याचे नाव नाही. गेल्या वर्षीची खरी बातमी आज सांगितली, तर ती आज खोटी होते. जुन्या पुराचे चित्र नव्या पुराच्या दिवसांत हिंडू लागते ते असेच. त्यात पाणी खरे असते, बुडालेली घरेही खरी असतात; केवळ दिवस खोटा असतो.

यावर अनेक भल्या माणसांचे म्हणणे असे असते : "बातमी खोटी निघाली, तर काय बिघडले? लोक सावध तर झाले! आणि खरी निघाली, तर जीव वाचतील." वरवर पाहता हे म्हणणे दयाळूपणाचे वाटते. परंतु त्याचा परिणाम दयाळूपणाचा होत नाही. रात्री अंधारात हजार माणसे एकदम रस्त्यावर आली, तर ज्यांना खरोखर हलवावयाचे असते त्यांची वाट अडते. जेथे कोणी बुडत नाही तेथे बोट धाडली, तर जेथे कोणी बुडत असेल तेथे ती पोहोचत नाही. याहूनही मोठा तोटा पुढे होतो. दोनदा फसलेला मनुष्य तिसऱ्यांदा खरी बातमी आली, तरी अंथरुणातून उठत नाही. "लांडगा आला रे आला" म्हणून ओरडणाऱ्या धनगराच्या पोराची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. त्या गोष्टीत लांडगा शेवटी खरोखर आला होता, हे मात्र पुष्कळजण विसरतात.

खोट्या बातमीने केवळ धावपळ होते असेही नाही. कधी कधी तिच्यामुळे माणसांचे प्राण जातात. २०१८ च्या उन्हाळ्यात देशात ठिकठिकाणी एक अफवा मोबाइलवरून पसरली, की मुले पळविणाऱ्या टोळ्या हिंडत आहेत. तिच्याबरोबर एक चलच्चित्रही पाठविले जात होते. मोटारसायकलवरून आलेले दोघेजण रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, असे त्यात दिसे. ते चित्र भारतातील नव्हतेच. पाकिस्तानातील कराची शहरात, पालकांनी मुलांची काळजी घ्यावी म्हणून, एका सेवाभावी संस्थेने ते मुद्दाम तयार केले होते. मूळ चित्राच्या शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि मूल पळविणे किती सोपे आहे हे सांगणारा फलक दाखवितात. कोणीतरी हा शेवट कापून टाकला. जे चित्र मुलांच्या रक्षणासाठी काढले होते, तेच एवढ्या एका कृतीने भीती पसरविण्याचे साधन झाले. सरहद्दीवर माणसांना थांबवून त्यांची कागदपत्रे पाहतात; पण असली चित्रे सरहद्द ओलांडून क्षणात घराघरांत येतात आणि त्यांना कोणी काही विचारीत नाही.

त्या भीतीने भारलेल्या दिवसांत, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे तेथे आली होती. गावोगाव हिंडून भिक्षा मागावी व पोट भरावे, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम. ती बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडची होती. ही मुले पळविणारी टोळीच आहे असा लोकांनी संशय घेतला. पाहता पाहता जमाव जमला. त्या पाचांचे म्हणणे कोणी ऐकून घेतले नाही. जमावाच्या मारहाणीत पाचही जणांचा अंत झाला. त्यांनी कोणाचेही मूल पळविले नव्हते. त्यांच्या स्वतःच्या घरी मात्र त्यांची वाट पाहणारी माणसे होती.

अफवेचे निरोप पुढे पाठविणाऱ्यांपैकी कोणालाही पाच माणसे मारावयाची नव्हती. "आपल्या भागातील मुले जपा" असेच पुष्कळांच्या मनात असेल. ज्याने दगडही उचलला नाही, अशा माणसाने घरात बसून एक बोट हालविले. अशी शेकडो बोटे हालली आणि त्यांतून भय निर्माण झाले. निरोप पुढे पाठविणे ही खाजगी गोष्ट नव्हे. ती चावडीवर उभे राहून मोठ्याने सांगण्यासारखीच सार्वजनिक गोष्ट आहे, आणि जो सांगतो त्याच्यावर तिची जबाबदारी येते.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲप चालविणाऱ्या कंपनीने भारतात एक मर्यादा घातली. आलेला निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पाठविता येणार नाही, असे तिने ठरविले. पुढे २०१९ मध्ये हीच मर्यादा जगभर लागू झाली. मर्यादा उपयोगाची आहे. पण यंत्र केवळ मोजू शकते. पाठविलेला निरोप खरा की खोटा हे त्याला कळत नाही. ते काम माणसालाच करावे लागते.

माणसाने ते केले नाही, तर काय होते? ७ जून २०२३ रोजी कोल्हापूर शहरात समाजमाध्यमांवरील काही आक्षेपार्ह मजकुरावरून तणाव वाढला, दगडफेक झाली आणि जिल्ह्यातील इंटरनेट सेवा काही काळ बंद ठेवावी लागली. थोड्यांच्या अविचारामुळे, ज्यांचा काडीइतकाही दोष नव्हता त्यांचीही कामे अडली. साधनाचा उपयोग विवेकाने केला नाही, तर ते साधन शेवटी सर्वांनाच पारखे होते.

ही अडचण एका गावाची किंवा एका देशाची नाही. २०२० मध्ये कोरोनाची साथ जगभर पसरू लागली, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी सांगितले, की जगाला केवळ रोगाच्या साथीशी नव्हे, तर खोट्या माहितीच्या साथीशीही लढावयाचे आहे. आता तर न घडलेल्या प्रसंगाचे चित्र आणि माणूस कधी बोललाच नाही असे त्याचे बोलणेसुद्धा यंत्राच्या साहाय्याने हुबेहूब तयार करता येते. "डोळ्यांनी पाहिले" ही पूर्वीची खात्री मोबाइलच्या पडद्यापुरती तरी उरलेली नाही. पडद्यावर दिसणे म्हणजे स्वतः पाहणे नव्हे. तेही एका परीने ऐकणेच होय.

मग मनुष्याने मुळी काही सांगूच नये काय? तसे मुळीच नाही. पाहिलेले आणि ऐकलेले यांत भेद करावा, एवढेच पुरे. गल्लीत पाणी शिरताना ज्याने स्वतः पाहिले, त्याने क्षणभरही थांबू नये. शेजाऱ्यांना हाक द्यावी, ११२ या क्रमांकावर अथवा जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाच्या १०७७ या क्रमांकावर कळवावे. तेथे गप्प बसणे हाच दोष ठरेल. पण जे केवळ ऐकले किंवा पडद्यावर वाचले, ते पुढे सांगण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : हे कोणी पाहिले? कोठे पाहिले? केव्हा पाहिले? या तिन्हींची उत्तरे मिळाली नाहीत, तर तो निरोप आपल्यापाशीच थांबवावा. त्याच क्रमांकावर विचारून किंवा प्रशासनाने प्रसिद्ध केलेली माहिती पाहून खात्री करून घेण्यास फार वेळ लागत नाही.

मुलांपुढे याहून एक अवघड प्रसंग येतो. असे निरोप पुष्कळदा घरातील वडीलधारी माणसेच वाचून दाखवितात. मोठ्यांना "हे खोटे आहे" असे कसे म्हणावे? तसे म्हणण्याची गरजही नाही. "आजोबा, ही बातमी कोणत्या तारखेची आहे हो?" एवढे आदराने विचारले, तरी पुरे होते. त्या प्रश्नात उद्धटपणा नाही. आजोबाही चष्मा पुसून निरोप पुन्हा वाचतील आणि तारीख दिसली नाही म्हणजे स्वतःच विचारात पडतील. वडिलांचा मान राखणे आणि सत्याचा शोध घेणे यांत विरोध नसतो.

पंचगंगेचे पाणी पुढच्या आषाढातही वाढेल, आणि पाणी किती फुटांवर आहे असे लोक पुन्हा विचारतील. त्या वेळी ज्याला ठाऊक असेल त्याने आकडा सांगावा आणि तो केव्हाचा आहे हेही सांगावे. ज्याला ठाऊक नसेल त्याने "मला ठाऊक नाही, विचारून सांगतो" असे म्हणावे. या साध्या उत्तरात कमीपणा नाही. पुराच्या दिवसांत असे उत्तर देणारी माणसे ज्या गावात अधिक असतील, ते गाव अधिक सुरक्षित राहील.