परसदारी : मिशाळ पाहुणे

जुलै उजाडला की आम्हाला हमखास फोन येतात. "डेकवर काळा भुंगेरा बसलाय, पाठीवर पांढरे ठिपके, मिशा अंगापेक्षा लांब. झाडं पोखरणारा तो एशियन लाँगहॉर्न तर नव्हे?"

मंडळी, ही भीती उगाच नाही. चीन-कोरियाकडचा हा भुंगेरा १९९६ साली ब्रुकलिनमध्ये सापडला. मालाच्या लाकडी खोक्यांतून आला असावा, असे मानतात. २००८ साली तो मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरला निघाला आणि तिथे ३० हजारांहून अधिक झाडे तोडावी लागली. अळी खोडाच्या आत, त्यामुळे वरून फवारून काही भागत नाही.

पण म्हणून काळा दिसला की घाल चपलेखाली, असंही करू नका. व्हाइट-स्पॉटेड सॉयर नावाचा इथलाच एक भुंगेरा बराचसा तसाच दिसतो. तो राहतो बहुधा मेलेल्या नाहीतर मरायला टेकलेल्या पाइन-स्प्रूसवर. आपल्या मेपलला त्याचा त्रास नाही. पाठीवर दोन्ही कवचपंख जिथे सुरू होतात, तिथे मधोमध इवलासा त्रिकोण असतो. तो पांढरा असेल तर सॉयर. काळा असेल तर सावध व्हा. मग अंग पाहा: परका पाहुणा पॉलिश केलेल्या बुटासारखा चकचकीत, एक ते दीड इंच लांब, सॉयर खरबरीत, जरा ब्राँझची झाक असलेला. मिशांवरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर मात्र विसंबू नका. सॉयरच्या मादीलाही ते असतात!

लांब मिशांच्या या कुळाला शास्त्रात सेरांबिसिडी म्हणतात. त्यात ३० हजारांहून अधिक जाती. वरचे दोघेही त्यातल्या लामिइनी या उपकुळातले: चेहरा सपाट, तोंड खाली वळलेले. कोकणात आंब्याचं खोड पोखरणारा भिरूड, तोही याच उपकुळातला. तेव्हा गावी कलमाच्या सालीतून भुसा पडताना ज्यांनी पाहिलाय, त्यांना मेपलच्या बुंध्याशी पडलेला भुसा वेगळा शिकवायला नको. खोडावर पेन्सिल आत जाईल एवढे गोल भोकही शोधा.

संशय आला तर भुंगेरा बरणीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, शेजारी नाणे ठेवून फोटो काढा आणि जागा-तारखेसह राज्याच्या शेतकी खात्याला कळवा. वूस्टरचा भुंगेरा एका घरमालकिणीनेच कळवला होता. आणि हो, कँपिंगला निघताना घरची जळाऊ लाकडं गाडीत टाकू नका. जिथे जाल तिथेच विकत घ्या.