धावा कोणाचा?

मराठी गद्यात गेल्या पंधरा-वीस वर्षांत एका नव्या प्रकाराचे उदंड पीक आले आहे. समीक्षेने त्याची दखल घेतलेली नाही, म्हणून त्याला अजून नावही नाही. सोयीसाठी त्याला ‘धावकाचे अनुभवकथन’ म्हणू. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून भरते आहे, पण तिच्यामागून असे गद्य फारसे आले नाही. ते आले मुंबई मॅरेथॉन (२००४), साताऱ्याची डोंगरी अर्धमॅरेथॉन (२०१२) आणि त्यानंतर वाढत गेलेल्या रानवाटांवरच्या शर्यतींबरोबर. पुणे जिल्ह्यात २०१८ पासून सिंहगड–राजगड–तोरणा अशी शर्यत होते. ११, २५, ५३ आणि १०० किलोमीटर असे तिचे टप्पे. महानगरी मॅरेथॉनच्या मानाने तिचा पसारा मध्यम, परंतु तिच्यासारख्या शर्यतींवर लिहिला जाणारा मजकूर मात्र भरपूर. तो पुरवण्यांत येतो, स्मरणिकांत येतो आणि आता आमच्या विद्यार्थ्यांच्या ‘ललित गद्य’ या प्रश्नपत्रिकेच्या वहीतही येतो. तेव्हा त्याविषयी बोलणे भाग आहे.

असे दहा मजकूर सलग वाचले की अकरावा न वाचताच सांगता येतो. आरंभी वैद्यकीय अहवालातला एखादा वाईट आकडा किंवा नुसतीच चाळिशी. मग बूट, पहाटे चारचा गजर, घरच्यांची चेष्टा. शर्यतीच्या दिवशी छातीवर नंबर आणि कपाळावर दिवा. राजगडाच्या चढावर पोटऱ्यांत गोळे. संजीवनी माचीकडून तोरण्याकडे जाणाऱ्या धारेवर ‘आता पुरे’ असा विचार. कोणा अनोळखी सहधावकाने हातावर ठेवलेली मिठाची गोळी. शेवटची रेषा, गळ्यात पदक, डोळ्यांत पाणी. आणि अखेरीस तो ठरलेला साक्षात्कार, की लढाई डोंगराशी नव्हतीच, ती स्वतःशी होती.

हे लेखन प्रांजळ असते, यात शंका नाही. त्याचे एक ऋणही मान्य केले पाहिजे. आपल्या मध्यमवर्गीय ललित गद्याला शरीर जवळजवळ नव्हतेच. होते ते मन, आठवणी, पाऊस आणि अंगण. गुडघा, काळे पडलेले नख, घामाने सोलवटलेली काख, वाटेत लागलेली शौचाची घाई यांना या धावकांनी मराठी वाक्यात जागा दिली. विशेषतः स्त्रियांनी लिहिलेले मजकूर मोलाचे आहेत. गावातून पहाटे एकटीने पळत जाण्यासाठी किती नजरांतून वाट काढावी लागते, हे त्यांनी प्रथमच लिहिले. हे सारे मान्य करूनच आमचा आक्षेप मांडतो. तो शर्यतींवर नाही, त्यांच्या आयोजकांवर नाही आणि पळणाऱ्यांवर तर नाहीच. या गद्यात वाट नसते, एवढाच आमचा आक्षेप आहे.

‘ट्रेल’ हा शब्दच पाहा. मराठीत वाटांना नावे आहेत आणि प्रत्येक नावात एक नाते आहे. दोन शेतांच्या मधून जाते ती पाणंद. दोन गावांच्या हद्दीवरून जातो तो शिवरस्ता. ऊस वाहून नेते ती गाडीवाट. पाण्याबरोबर चालते ती चारीची वाट. घाट उतरते ती घाटवाट. आणि या सगळ्यांच्या मुळाशी असलेली ‘वहिवाट’, म्हणजे वापराने सिद्ध झालेला हक्क. त्या हक्कासाठी १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली आजही तहसीलदारापुढे दावे चालतात, भावाभावांत बोलणे बंद होते. ‘ट्रेल’ म्हटले की पाणंद, शीव, चारी, गाडीवाट ही सारी एका रंगाची होतात. उरते ते अंतर आणि चढ. वाट कोणाची, ती कोणाच्या पायांनी पडली, हे प्रश्न पहिल्या शब्दापाशीच मिटतात. सिंहगडाची अतकरवाडीकडची वाट कित्येक धावकांना मिनिटांच्या हिशेबाने पाठ असते. त्याच वाटेने डोक्यावर दह्याचे ओझे घेऊन बायाबापड्या वर्षानुवर्षे चढल्या. अनुभवकथनात त्या येतात त्या ‘मडक्यातल्या दह्याची चव’ म्हणून. दही येते, ते वर नेणारी मान येत नाही.

आमच्या वर्गात घडलेला एक प्रसंग सांगितल्याशिवाय हे नीट उमगणार नाही. ललित गद्याच्या तासाला आम्ही असाच एक मजकूर वाचायला घेतला होता. लिहिणारा आमच्याच परिसरातला, डोंगरातल्या शर्यतीची तयारी माळेगाव बुद्रुकच्या बाजूला नीरा डाव्या कालव्याच्या भरावावर करणारा. भाषा चांगली होती. अंधार, उसाच्या पानांची सळसळ, दिव्याच्या झोतात उडणारे किडे, आणि मग एक वाक्य: त्या निर्जन वाटेवर मी आणि माझा श्वास, एवढेच होतो. वर्गाला ते आवडले. आम्हालाही आवडले होते, हे कबूल करतो. त्या वाक्याखाली आम्ही पेन्सिलीने रेघ मारली होती. तेवढ्यात मागच्या बाकावरचा माळेगावचा एक मुलगा म्हणाला, “सर, निर्जन कसं? रात्रीची लाईट असती त्या आठवड्यात आमी तिथंच दारं धरत असतो. पळणारे दिसत्यात की आमाला.”

वर्ग हसला. आम्हाला मात्र हसू आले नाही. साहित्याची चार पुस्तके जे सांगू शकली नाहीत ते त्या मुलाने दोन वाक्यांत सांगितले होते. शेतीची वीज रात्री असते तेव्हा शेतकरी बॅटरी घेऊन चिखलात उभा राहतो आणि एका वाफ्याचे दार मोडून दुसऱ्याला पाणी देतो. धावकाच्या कपाळावर दिवा असतो आणि याच्या हातातही दिवा असतो. याला तो दिसतो. त्याला हा दिसत नाही. ज्या कालव्यावर हे घडते तो १८८५ सालचा. तो खणणारे हात, त्याच्या पाण्यावर वाढलेला ऊस, त्या उसावर उभा राहिलेला माळेगावचा सहकारी साखर कारखाना, हा सगळा इतिहास त्या भरावाखाली आहे. आणि योगायोग असा, की पळण्याचा हंगाम आणि गाळपाचा हंगाम एकच: दिवाळीनंतरची थंडी. धावकाचा गजर चारला वाजतो, तेव्हा फडाकडे निघालेल्या बैलगाड्यांत बीडकडची जोडपी गोधडी पांघरून बसलेली असतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, उचल आधीच घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत मुकादम सुटी देत नाही. शरीराच्या सोसण्याची सीमा कोठे असते, हे त्या गाडीतल्या बाईइतके कोणाला ठाऊक असेल? पण ‘सहनशक्तीचा खेळ’ हा शब्दप्रयोग आपण तिच्यासाठी राखून ठेवलेला नाही.

आता भाषेकडे येऊ, कारण मराठीचे अध्यापक म्हणून आमचा खरा अधिकार तेवढाच. मराठीत धावणे बहुधा कोणासाठी तरी असते. आपण संकटात ‘धावून जातो’. देवाचा ‘धावा’ करतो. पंढरीच्या वाटेवर वेळापूरच्या आधी वारकरी उतारावरून पळत सुटतात, त्यालाही ‘धावा’ म्हणतात. एकाच शब्दात हाकही आहे आणि पळणेही. आमच्या या दोन तालुक्यांत तर पळण्याचा मोठा सोहळाच आहे. तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम सोडून पुढे निघाली की काटेवाडीला तिच्याभोवती मेंढ्यांचे रिंगण होते आणि इंदापूर तालुक्यात बेलवाडीला अश्वांचे. बेलवाडीच्या रिंगणात पताकावाले पळतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया पळतात, वीणेकरी पळतात. त्यांना कोणी वेळ विचारत नाही. वर्तुळात पळणाऱ्याला शेवटची रेषा नसते. मध्ये पालखी असते.

पाश्चात्त्यांची मूळ कथाही याहून वेगळी नाही. मॅरेथॉनहून अथेन्सला विजयवार्ता आणून कोसळलेला धावक ही दंतकथा फार नंतरची. तिला आधुनिक काळात पुन्हा मोठे केले ते ब्राउनिंगच्या १८७९ च्या कवितेने. हिरोडोटसने सांगितलेली हकीकत निराळी आहे. त्याचा धावक लढाईच्या आधी अथेन्सहून स्पार्टाकडे धावला, आणि धावला तो मदत मागायला. म्हणजे तो शब्दशः धावा होता. १८९६ च्या ऑलिंपिकमध्ये शर्यत आली, १९०८ मध्ये लंडनला ४२.१९५ किलोमीटर हे अंतर पळवले गेले आणि १९२१ मध्ये ते कायम झाले. अंतर कायम होत गेले तसतसा निरोप गळून पडला. आजचा धावक संपूर्ण अंतर पळतो आणि शेवटी त्याच्यापाशी सांगायला स्वतःखेरीज काही उरत नाही.

या मुद्द्याची कसोटी पाहायला आम्हाला लांब जावे लागत नाही. काटेवाडीच्या अलीकडचे गाव पिंपळी. पोटापाण्यासाठी बुलढाणा जिल्ह्यातून येऊन तेथे राहिलेल्या, शेतमजुरी करणाऱ्या, साठी ओलांडलेल्या लता भगवान करे २०१३ च्या अखेरीस बारामतीच्या शरद मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरच्या गटात नऊवारी लुगडे नेसून अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या. पतीच्या आजारात तपासण्यांसाठी पैसे हवे होते, म्हणून त्या धावल्या. या धावण्याला निरोप होता. २०२० साली नवीन देशाबोईना यांनी त्यांच्यावर त्यांच्याच नावाचा चित्रपट काढला, त्यात लताबाईंनी स्वतःचीच भूमिका केली आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेख झाला.

आपण त्या धावण्याचे काय केले? त्याला ‘जिद्द’ म्हटले. व्यासपीठावरच्या भाषणांत, निबंधांत, भिंतीवरच्या सुविचारांत लताबाई ‘स्वतःवर मात’ करणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसल्या. पण त्यांना स्वतःवर मात करायचीच नव्हती. तपासणीचे पैसे बक्षिसातून उभे करावे लागतात, ही त्या धावेतली बातमी होती, आणि ती आपल्यासाठी होती. बातमी आपण बाजूला ठेवली आणि पाय तेवढे फोटोत घेतले. धावकाच्या अनुभवकथनाचा साचा किती बळकट आहे पाहा: ज्या बाईने तो साचा मोडला तिलाही त्याने गिळले.

असे गिळणे जुनेच आहे. डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत खेड्यांतली, शेतात राबणारी मुले अनवाणी धावताना दोराबजी टाटांनी पाहिली आणि त्यातूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला संघ पाठवण्याची हालचाल सुरू झाली. बेळगावचे फडेप्पा चौगुले तेथे मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. या मातीतले मॅरेथॉनचे पहिले पाय शेतावरचे होते. त्यांचे अनुभवकथन मराठीत आज कोणाच्या वाचनात आहे? लिहिण्याची सवड ज्यांना होती त्यांनी धावणे उशिरा सुरू केले, आणि जे आधी धावले त्यांना कोणी वही दिली नाही.

यावर आक्षेप येतील. पहिला, की हे हौशी लोक आहेत, त्यांना साहित्याच्या तराजूत का तोलता? उत्तर सोपे आहे: आम्हीच त्यांना वर्गात आणले. जो मजकूर विद्यार्थ्यापुढे नमुना म्हणून ठेवला जातो, तो हौशी उरत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पन्नासाव्या किलोमीटरला माणसाला स्वतःच्या श्वासापलीकडे काही दिसत नाही. ते जसेच्या तसे लिहिणे हाच खरेपणा नव्हे काय? त्या क्षणापुरते खरे. परंतु लेखन त्या क्षणी होत नाही. ते चार दिवसांनी, खुर्चीवर बसून होते, आणि तेव्हा डोळे उघडे असतात. इरावती कर्वे वारीत चालल्या तेव्हा त्यांचेही पाय दुखले असणार. ‘वाटचाल’ लिहिताना त्यांनी पाहिले ते मात्र एकाच वाटेवर, तेच अभंग म्हणत, पण जातीजातीने वेगळ्या चालणाऱ्या आणि वेगळ्या जेवणाऱ्या दिंड्यांकडे. दि. बा. मोकाशींचे ‘पालखी’ (१९६४) उभे आहे ते वाटेत भेटलेल्या माणसांवर. पायाने लिहिण्याची ही परंपरा आपल्याकडे आहे. तिचा वारसा धावकांनी नाकारलेला नाही. तो त्यांना कोणी दिलाच नाही, आणि हे अपयश आमचे आहे.

म्हणून हा लेख धावकांवर जितका आहे त्याहून अधिक आम्हा अध्यापकांवर आहे. ‘अनुभव लिहा’ असे आम्ही सांगतो आणि अनुभव म्हणजे स्वतःला काय वाटले ते, एवढाच अर्थ मुलांच्या हाती देतो. मग साखळीने तेच येते: मी, माझा श्वास, माझी भीती, माझा विजय. त्याला आम्ही ‘आत्मनिष्ठ’ म्हणून गुण देतो. त्या दिवसानंतर आम्ही एक साधा बदल केला. धावण्यावर लिहिणाऱ्याने शेवटचे पान त्या वाटेवरच्या दुसऱ्या कोणाच्या तरी नजरेतून लिहायचे: पाणी देणाऱ्याच्या, शेळ्या वळणाऱ्याच्या, फडातल्या बाईच्या. त्यांना विचारून, त्यांच्यापाशी बसून. पहिल्या वेळी बहुतेकांची ती पाने कोरी आली. कोरे पान हेही एक प्रांजळ अनुभवकथन आहे, असे आम्ही त्यांना सांगितले.

पेन्सिलीची ती रेघ आम्ही खोडलेली नाही. समासात एवढेच लिहून ठेवले आहे: येथे एक माणूस दारे धरत होता.