युरियाचा खुराक आणि कोठीपोटाचा हिशेब

पिकाला घालावयाचा युरिया जनावराच्या खुराकात घालतात, हे ऐकून आपल्याकडील जाणत्या पशुपालकालाही प्रथम विस्मय वाटतो. परंतु अमेरिकेतील टेक्सास, कॅन्सस, नेब्रास्का या राज्यांत, जेथे मांसासाठी पोसलेले हजारो खच्ची गोऱ्हे एकेका आवारात मक्यावर पुष्ट केले जातात, तेथे ही बाब नित्याची आहे. यामागील तत्त्व एकदा तपशिलाने मांडणे मला अगत्याचे वाटते, कारण ते अर्धवट समजल्यामुळे जनावरे प्राणास मुकतात.

युरिया म्हणजे प्रथिन नव्हे. त्यात सुमारे ४६ टक्के नत्र असते, आणि नत्राला ६.२५ ने गुणण्याच्या रूढ रीतीप्रमाणे एक किलो युरिया कागदावर पावणेतीन किलोंहून अधिक प्रथिनाच्या तोडीचा ठरतो. हा हिशेब मोहात पाडणारा खरा. पण गुराचे शरीर युरियापासून स्वतः तिळमात्र प्रथिन घडवू शकत नाही. ते काम कोठीपोटातील, म्हणजे पोटाच्या पहिल्या कप्प्यातील, सूक्ष्मजीवांचे. ते युरियाचा अमोनिया करतात, पिष्टमय पदार्थ आंबताना मिळणाऱ्या ऊर्जेच्या बळावर त्यातून आपली शरीरे घडवितात, आणि पुढे चौथ्या कप्प्यात व आतड्यात तेच सूक्ष्मजीव पचून गुराचे प्रथिन होतात. फिनलंडचे नोबेल पारितोषिकप्राप्त रसायनज्ञ विर्तानेन यांनी नत्रासाठी केवळ युरिया व अमोनियम क्षार यांवर विसंबलेल्या गाईंपासून दूध मिळविल्याचा वृत्तांत १९६६ साली प्रसिद्ध केला, तेव्हा या सामर्थ्याविषयी शंकेला जागा उरली नाही.

मात्र ऊर्जा नसेल तर अमोनिया वाया जातो, आणि वाया गेलेला अमोनिया रक्तात उतरला की तो विष होतो. टेक्सासात वाफवून चपटा केलेला मका कोठीपोटात झपाट्याने आंबतो, नत्राची तूट पडते, आणि ती युरिया भरून काढतो. तरीही तो शुष्क खुराकाच्या साधारण एक टक्क्याच्या आसपास ठेवतात, आणि जनावराला त्याची सवय हळूहळू लावतात. उत्तर ऑस्ट्रेलियातील गोष्ट निराळी. तेथे कोरड्या हंगामात निःसत्त्व गवतावर जगणाऱ्या गुरांसाठी युरिया व मीठ यांचे चाटण डोणीत ठेवतात. एका वेळी फार चाटले जाऊ नये, हा मिठाचा हेतू. परंतु अवेळी पाऊस आला आणि डोण उघडी असली, की युरिया साचलेल्या पाण्यात विरघळतो, आणि ते पाणी प्यालेले जनावर काही तासांत दगावते. सबब तेथील सावध पशुपालक डोणीला छप्पर करतो किंवा तिच्या बुडाला भोके पाडतो.

महाराष्ट्रात मांसासाठी गोऱ्हे पोसण्याचा प्रश्न नाही; पण बैलाचे आणि दुभत्या गाईचे कोठीपोट याच नियमाने चालते. येथे युरियाचा उचित उपयोग मला एकच दिसतो, तो म्हणजे काडावर व पेंढ्यावर प्रक्रिया करण्याचा: १०० किलो काडाला ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात विरघळवून थराथराने शिंपावा, थर तुडवून ताडपत्रीखाली हवाबंद करावा, २१ दिवसांनी उघडून वारा लागू द्यावा, मगच गव्हाणीत टाकावे. युरियातून सुटणारा अमोनिया चिवट तंतू मऊ करतो, आणि नत्रही वाढते. याउलट पेंडीत मूठभर युरिया अंदाजाने मिसळण्याची रीत ताबडतोब बंद झाली पाहिजे, असे माझे निश्चित मत आहे. लातूर आणि विदर्भाच्या सोयाबीन पिकविणाऱ्या शेतकऱ्याने तर अधिकच जपावे. कच्च्या सोयाबीनमध्येच युरिया फोडणारे विकर असते, म्हणून कच्चे सोयाबीन भरडून त्यासोबत युरिया दिल्यास अमोनिया एकदम सुटतो. लहान वासराला तर युरिया देऊच नये, कारण त्याचे कोठीपोट अद्याप तयार झालेले नसते.

विषबाधा झालेले जनावर थरथरते, तोंडाला फेस आणते, त्याचे पोट फुगते. पुष्कळ थंड पाण्यात व्हिनेगर मिसळून पाजणे हा त्यावरील परिचित उपाय होय, आणि पशुवैद्याला त्याच क्षणी निरोप धाडावा. व्हिनेगरची बाटली मात्र गोठ्यात आधीच आणून ठेवलेली असली पाहिजे. जनावर थरथरू लागल्यावर बाजार गाठण्याइतका अवकाश मिळत नाही.