ज्याची त्याची जुनी दिवाळी



दिवाळी अंकाची जुळवाजुळव सुरू झाली की वाचकांची पत्रं येऊ लागतात. कुणी विषय सुचवतं, कुणी गेल्या वर्षीच्या कथेविषयी लिहितं, आणि एक वाक्य दरवर्षी हमखास असतं : पूर्वीसारखे दिवाळी अंक आता राहिले नाहीत. पत्र लिहिणाऱ्याची कळकळ खरी असते, म्हणून ते वाक्य लागतंही. पण अशी बरीच पत्रं शेजारी-शेजारी ठेवून वाचली की एक गोष्ट ध्यानात येते. ऐंशीच्या घरातल्या वाचकांना साठ-सत्तरच्या दशकांतले अंक आठवत असतात. साठीतल्या वाचकांना ऐंशीच्या दशकातले. आणि आता पन्नाशीला आलेली मंडळी नव्वदच्या दशकातल्या अंकांसाठी हळहळतात. त्या अंकांबद्दलही तेव्हाच्या ज्येष्ठांची हीच तक्रार होती.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत ही परंपरा सुरू झाली. शंभराहून अधिक वर्षांच्या या वाटचालीत सुवर्णकाळ कोणता, याचं उत्तर प्रत्येक पिढी वेगळं देते आणि ते बहुतेक वेळा तिच्या स्वतःच्या विशीपाशी येऊन थांबतं. हे फक्त अंकांच्या बाबतीत होत नाही. गाणी, नाटकं, शाळा, शेजार, पाऊस, आंब्याची चव, सगळ्यांच्या बाबतीत होतं. वय वाढेल तसा माणूस मागे का वळतो, आणि वळून नेमका त्याच वळणावर का थांबतो, हा प्रश्न यंदाच्या अंकाच्या केंद्रस्थानी आहे.

गतकाळाची ओढ हा एके काळी आजार समजला जात असे. १६८८ साली योहानेस होफर या तरुण स्विस वैद्यकीय विद्यार्थ्याने बाझेल विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधात घरापासून दूर राहिलेल्या माणसांच्या झुरणीला रोगाचं नाव दिलं. पुढे परमुलखात लढणाऱ्या स्विस सैनिकांचा हा खास विकार मानला जाऊ लागला. म्हाताऱ्या माणसांच्या वाट्याला तर याहून वाईट समजूत आली. आजोबा तेच ते जुनं सांगत बसले की बुद्धी भ्रमिष्ट होत चालली, असा अर्थ डॉक्टरही काढत. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ साली त्याविरुद्ध ठामपणे लिहिलं. आयुष्याचा शेवट दिसू लागला की माणसाचं मन गेलेल्या आयुष्याची उजळणी करू लागतं, न मिटलेले तंटे, राहून गेलेल्या गोष्टी पुन्हा समोर घेतं आणि त्यांचा मेळ घालायचा प्रयत्न करतं. हे त्या वयाचं स्वाभाविक आणि गरजेचं काम आहे, असं त्यांचं म्हणणं. ज्याला आपण ‘जुनं उगाळणं’ म्हणतो ते एका माणसाचं स्वतःच्या आयुष्याशी चाललेलं बोलणं असतं, हे त्यांनी जगाला पटवून दिलं.

पण मग सगळं आयुष्य सारखंच का आठवत नाही? १९८०च्या दशकापासून मानसशास्त्रज्ञ याचा शोध घेत आहेत. साठीपुढच्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या आणि त्या कोणत्या वयातल्या आहेत याचा आलेख काढला, तर साधारण दहा ते तीस या वयापाशी स्पष्ट उंचवटा दिसतो. चाळिशी-पन्नाशीची वर्षं त्या मानाने सपाट जातात. याचं एक कारण सरळ आहे. त्या काळात सगळं पहिल्यांदा घडत असतं. घराबाहेरचं पहिलं वर्ष, वसतिगृहाची मेस, पहिला पगार आणि त्यातून आईसाठी घेतलेलं पातळ, नव्या बिऱ्हाडातली पहिली रात्र, पहिलं मूल. पुढच्या काळात पगारही होतात आणि बिऱ्हाडंही बदलतात, पण एक दिवस दुसऱ्यात मिसळून जातो. दुसरं कारण अधिक खोल आहे. आपण कोण, कुणाचे, कशासाठी झटणार, हे त्याच वर्षांत ठरत असतं. त्या आठवणी म्हणजे आपल्या घडण्याचा पुरावा असतो. तो आपण जपून ठेवतो.

याला बळकटी देणारं एक निरीक्षण आहे. मायदेश सोडून अमेरिकेत स्थायिक झालेल्या स्पॅनिशभाषक ज्येष्ठांच्या आठवणी संशोधकांनी तपासल्या. जे ऐन विशीत गेले त्यांचा उंचवटा विशीत होता. जे तिशी ओलांडून गेले त्यांचा तो पुढे, स्थलांतराच्या वर्षांकडे सरकला होता. म्हणजे वयाच्या आकड्यात जादू नाही. जिथे आयुष्य नव्याने मांडावं लागलं तिथे आठवणी दाट होतात. कोकणातून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरून गिरणगावातल्या खोलीत पथारी टाकणारा चाकरमानी, लग्न होऊन परक्या घराच्या रीती शिकणारी नवी सून, दोन बॅगा घेऊन परदेशी गेलेलं जोडपं, यांना म्हातारपणी तीच वर्षं का खुणावतात, हे यावरून उमगतं.

उतारवयात ही ओढ वाढते त्याला आणखी एक कारण आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॉरा कार्स्टेन्सन यांचा सिद्धांत असा, की समोर काळ भरपूर आहे असं वाटतं तेव्हा माणूस नवी माणसं, नवी माहिती यांच्या मागे धावतो. काळ थोडा उरला असं जाणवलं की जवळची माणसं आणि अर्थपूर्ण क्षण यांना अग्रक्रम देतो. हाँगकाँग १ जुलै १९९७ रोजी चीनच्या ताब्यात जाणार होतं. त्याआधीच्या महिन्यांत तिथल्या तरुणांनीही, वृद्धांसारखंच, ओळखीच्या माणसांचा सहवास पसंत केल्याचं आढळलं. एक युग संपतंय ही जाणीव पंचविशीतल्या माणसालाही वृद्धाच्या जागी नेऊन बसवते. हस्तांतर होऊन वर्ष लोटल्यावर तरुण पुन्हा तरुणांसारखे वागू लागले. करोनाच्या टाळेबंदीत आपल्याकडच्या विशी-पंचविशीतल्या मुलांनी दूरदर्शनवरच्या जुन्या मालिका आई-वडिलांबरोबर बसून पाहिल्या, शाळेतले फोटो शोधून एकमेकांना पाठवले, तेही मला याच्याशीच जोडलेलं वाटतं.

आता आपल्या मातीतलं एक उदाहरण घेऊ. बहात्तरचा दुष्काळ. मराठवाडा, सोलापूर, नगर, सांगली-साताऱ्याचा पूर्वभाग यांतली सत्तरी ओलांडलेली माणसं आजही काळ मोजताना ‘दुष्काळाच्या आधी’ आणि ‘दुष्काळानंतर’ असं बोलतात. १९७३च्या मे महिन्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं राबत होती. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, आणि सगळ्यांत जास्त बोललं जातं ते खडी फोडण्याबद्दल. त्या कामावर गेलेल्या एखाद्या आजीला विचारून पाहा. हातोडीच्या दांड्याने हाताला आलेले फोड, डोळ्यात उडणारी कपची, ढीग लावून ब्रासच्या मापाने मोजून घेणारा मुकादम, मापात कमी भरलं की सगळ्यांनी मिळून घातलेला वाद, हे ती सांगते. मग मिलोची, म्हणजे तेव्हा मिळणाऱ्या परदेशी ज्वारीची, लालसर भाकरी येते. तिची चव सांगताना तोंड अजून वाकडं होतं. पोरांना मिळणारी सुकडी येते. आणि मग सांगता-सांगता आजी हसायला लागते. कामावर म्हटलेल्या ओव्या, कुणाच्या तरी लेकराला दगडाच्या सावलीत आळीपाळीने निजवणं, कधी नव्हे ते सगळ्या आळीतल्या बायका एका ठिकाणी बसून जेवणं. ‘लई वाईट दिवस व्हते’ आणि ‘पर मान्सं व्हती’ ही दोन्ही वाक्यं ती एकाच दमात म्हणते.

त्या हसण्यावरून दुष्काळ सुखाचा होता असं कुणी म्हणणार नाही, आजीही म्हणत नाही. जुन्या घटनांतल्या दुःखाची धार आनंदापेक्षा लवकर बोथट होते, हे अभ्यासकांनी पुष्कळदा दाखवून दिलं आहे. घटना विसरली जात नाही. तिचा डंख कमी होतो आणि तिच्यात मिळालेली सोबत उरते. एकटेपणात माणसाचं मन जुन्याकडे धाव घेतं आणि त्या आठवणींनी त्याला आपल्यामागे माणसं आहेत असं वाटू लागतं, हेही प्रयोगांत दिसलं आहे. मुलं परगावी, जोडीदार गेलेला, ओळखीची दारं एकेक करून बंद होत चाललेली, अशा घरात जुनी गोष्ट पुन्हा सांगणं हा जगण्याचा आधार असतो. ती गोष्ट आपण दहाव्यांदा ऐकत असलो तरी तो आधार आपण काढून घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

मात्र याच टप्प्यावर सावध व्हायला हवं. एका माणसाची आठवण हळवी असू शकते; समाजाने हळवं होऊन इतिहास सांगू नये. भल्या पहाटेचं अभ्यंगस्नान, उटण्याचा वास, तांब्याच्या बंबातलं कढत पाणी, खमंग भाजणीच्या चकल्या, ही जुनी दिवाळी आपल्याला प्रिय आहे. त्या पहाटे बंब कुणी पेटवला होता, भाजणी भाजताना आदल्या आठवड्यात कुणाची कंबर मोडली होती, घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी आटोपल्यावर शेवटी कोमट पाण्यावर कुणी भागवलं होतं, हे त्या आठवणीत असतंच असं नाही. गावगाड्याच्या गोडव्याचंही तेच. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली आलं आणि ज्या गावाच्या आठवणीने मराठी वाचक गहिवरत होता, तेच गाव महारवाड्यातून कसं दिसतं हे त्याला वाचावं लागलं. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ने तशाच वस्तीतल्या बाईची भूक आणि मार सांगितला. या पुस्तकांनी आपली आठवण हिरावून घेतली नाही. ती अपुरी होती, एवढं दाखवून दिलं. ‘तेव्हा सगळं चांगलं होतं’ असं म्हणताना ‘कुणासाठी?’ हा प्रश्न विचारायचा नसेल, तर त्या आठवणीवर समाजाची उभारणी करता येत नाही.

मागचं सांगावं कसं, याचा वस्तुपाठ मराठीत आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. वडिलांच्या सोवळ्याचं टोकाचं वेड, नवऱ्याचा लहरी स्वभाव, नवऱ्याने १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर झालेली ताटातूट, हे सगळं त्यांनी लिहिलं. दुःख झाकलं नाही, माणसांचा सूड घेतला नाही, स्वतःला थोर ठरवलं नाही. म्हणून नव्वद वर्षांनंतरही त्या आठवणी कुणा एका घराच्या राहिलेल्या नाहीत.

या अंकातल्या लेखकांकडे आम्ही तेवढंच मागितलं. ‘ते दिवस’ नको, एक दिवस सांगा. एखादं काम कसं केलं जाई, एखादी वस्तू कितीला पडे, घरात कोण काय बोलत नसे, ते सांगा. आनंद सांगा आणि त्याची किंमत कुणी मोजली तेही सांगा. शिक्षक, गिरणी कामगार, परिचारिका, शेतकरी, परदेशी स्थायिक झालेले मराठी भाषक अशा अनेकांनी आमची विनंती मानली. त्यांचं लेखन वाचताना मला एक गोष्ट पटली. आमच्या वेळी असं नव्हतं, असं सांगून तरुणांना मापात बसवायला गेलं की संभाषण तिथेच संपतं. आमच्या वेळी असं असं होतं, आणि आम्ही असं केलं, हे तपशिलाने सांगितलं की ऐकणारा पुढचा प्रश्न विचारतो.

यंदाच्या दिवाळीत घरी चार पिढ्या किंवा निदान दोन तरी एकत्र येतील. तरुण वाचकांना माझी विनंती आहे की आजी-आजोबांना ‘पूर्वी कसं होतं?’ असं मोघम विचारू नका. पहिली नोकरी कशी मिळाली, मुलाखतीला कोणते कपडे घालून गेलात, मनीऑर्डर आली नाही तर घर कसं चालायचं, असं नेमकं विचारा, आणि जमल्यास त्यांच्या आवाजात फोनवर नोंदवून ठेवा. ज्येष्ठ वाचकांना विनंती की चांगलं सांगाल तसं अवघड होतं तेही सांगा. तुम्ही घाबरला होतात, चुकला होतात, कर्ज काढलं होतं, हे कळलं तर आज घाबरलेल्या नातवंडांना धीर येईल. आणि आज विशीत असलेल्यांनी हेही ध्यानात ठेवावं की चाळीस वर्षांनी तुम्हाला ज्या काळाची हुरहुर लागणार आहे, तो काळ आत्ता चालू आहे. त्यात शेजारच्या माणसाच्या वाट्याला काय येतंय याकडे आजच लक्ष दिलंत, तर उद्या तुमच्या आठवणी पुरत्या असतील.

 

— संपादक